झाड आपल्याच जंगलातलं, मग औषध कंपनीचंच का?

कळंबा_कट्टा
मंडळी, नमस्कार. धागा जरा लांबेल, सांभाळून घ्या.

आमच्या मामांना (वय ६१, इरिगेशनमधून रिटायर) मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, आता केमो चालू आहे. औषधांच्या यादीत इरिनोटेकॅन असं एक नाव आहे. रात्री झोप येईना म्हणून मोबाईलवर शोधत बसलो, तर कळलं की हे कॅम्प्टोथेसिन नावाच्या द्रव्यापासून बनवतात आणि ते द्रव्य एका चिनी झाडात असतं. पुढं वाचतोय तर तेच द्रव्य आपल्या नरक्यात पण आहे! राधानगरी, आंबा, आजऱ्याकडच्या रानात असतो तोच नरक्या.

हे मी घरात बोललो, तिथंच चुकलं. दोन दिवसांत मावसभाऊ कुठनं तरी नरक्याच्या लाकडाची भुकटी घेऊन हजर. पाव किलो, बाराशे रुपये. रोज चमचाभर काढा घ्यायचा, सलाईन बंद. मामीला पटलंय. मामांना तर "सलाईन नको" म्हणणारं कुणीही पटतं.

मी अडवून धरलंय, पण माझ्याकडं उत्तर नाही. झाडात आहे तेच औषधात असेल तर काढा का नको? आणि वेगळं असेल तर त्यात नेमकं काय बदललं आणि कशासाठी? मावसभावाचं म्हणणं, पेटंटसाठी. निसर्गातल्या वस्तूवर पेटंट मिळत नाही, मग तिला एखादं शेपूट चिकटवायचं आणि स्वतःच्या नावावर करायची. ऐकायला खोटं वाटत नाही हो.

तांबडा_पांढरा
बाराशेत दीड किलो मटण आलं असतं भावा. मामांच्या तब्येतीला तेच बरं.

(हलकं घ्या. मामांना लवकर बरं वाटू दे.)

घाटवाट
नरक्याबद्दल चार गोष्टी सांगतो, औषधाचं जाणकार बोलतील.

शास्त्रीय नाव नोथापोडायटिस निमोनियाना, जुन्या पुस्तकांत मॅपिया फीटिडा. फीटिडा म्हणजे घाण वासाचा. पावसाळ्यात फुलला की झाड दिसायच्या आधी नाकाला कळतं. १९७२ साली मुंबईत गोरेगावच्या सीबा संशोधन केंद्रात गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी यात कॅम्प्टोथेसिन असल्याचं दाखवलं. चिनी झाडापेक्षा याच्यात ते जास्त भरतं, आणि हेच नरक्याच्या मुळावर आलं. रात्रीत झाडं तुटतात, ढलप्या करून पोत्यात भरतात, टेम्पो घाट उतरतो. ते लाकूड काढ्यासाठी जात नाही, द्रव्य काढायला जातं. पेपरात अधूनमधून पकडल्याची बातमी येते. न पकडलेल्याची येत नाही.

त्यामुळं पहिला प्रश्न: ती भुकटी नरक्याचीच कशावरून? भुकटी झाली की सागवान काय आणि नरक्या काय, डोळ्यांना सारखंच. आणि नरक्याची असेल तर त्याहून वाईट.

सरळसोट
मावसभावाचं अर्धं बरोबर आहे. कंपन्या धर्मादाय नाहीत. पेटंट मिळणार नसेल तर अशा औषधावर एवढा खर्च कोण करतो?

रसायनवाली
सरळसोट, अर्धं बरोबर आहे हे मान्य. पण उरलेल्या अर्ध्यात माणसं मेली असती, म्हणून सविस्तर लिहिते. शिवाजी विद्यापीठातून एमएस्सी केलं, पुढची चौदा वर्षं औषध कंपनीत रेणूंना शेपट्या चिकटवण्यात गेली, तेव्हा विषय घरचाच आहे.

कॅम्प्टोथेसिन १९६६ मध्ये अमेरिकेत मन्रो वॉल आणि मनसुख वाणी या जोडीनं शोधलं. वाणींचा जन्म नंदुरबारचा. माल जबरदस्त होता, पण पाण्यात विरघळेना. विरघळत नाही ते शिरेतून देणार कसं? मग तेव्हाच्या लोकांनी सोपी वाट धरली, त्याचा सोडियम क्षार केला. झकास विरघळला.

घोळ पुढं आहे. या रेणूच्या टोकाला लॅक्टोनची एक कडी आहे आणि सगळी ताकद त्या बंद कडीत आहे. क्षार करताना ती कडी उघडते. म्हणजे रुग्णाच्या शिरेत जे गेलं ते बिनदाताचं. ते लघवीवाटे मूत्राशयात उतरायचं, लघवी आम्लधर्मी, आणि आम्लात कडी पुन्हा बंद! गाठीपाशी निकामी आणि मूत्राशयात भर जोरात. रुग्णांच्या लघवीतून रक्त जायला लागलं. सत्तरच्या दशकात चाचण्या गुंडाळाव्या लागल्या.

सरळसोट, इथं पेटंटचा प्रश्न नव्हता. अस्सल, शुद्ध, झाडातलं द्रव्य हातात होतं आणि ते देता येत नव्हतं.

रसायनवाली
(वरचं पुढं. मध्येच कुकर झाला.)

१९८५ मध्ये कळलं की हा रेणू करतो काय. पेशी वाढताना डीएनएचा दोर उलगडावा लागतो. दोर उलगडताना पुढं पीळ साचतो, चऱ्हाट वळणाऱ्याला विचारा. तो पीळ सोडवायला टोपोआयसोमरेज-१ नावाचं एन्झाइम दोराच्या एका पदराला काप देतं, पीळ सोडतं आणि पुन्हा सांधतं. कॅम्प्टोथेसिन सांधायच्या आधी फटीत पाचर मारून बसतं. भराभर वाढणाऱ्या पेशीला हे महागात पडतं. बंद पडलेल्या प्रकरणात पुन्हा जीव आला तो यामुळं.

मग सुधारणा सुरू झाल्या. कडीला हात लावायचा नाही, दुसऱ्या टोकाला पाणी धरणारा गट जोडायचा. असं टोपोटेकॅन झालं. इरिनोटेकॅनची युक्ती अजून वेगळी: त्याला इतकं बोजड शेपूट जोडलंय की ते स्वतः फारसं काही करतच नाही. यकृतातलं एन्झाइम ते शेपूट तोडतं आणि आतून एसएन-३८ नावाचा खरा पैलवान बाहेर येतो, शेकडो पट ताकदीचा. शेपूट म्हणजे प्रवासाचं तिकीट. जपानात १९९४ ला आणि अमेरिकेत १९९६ ला मान्यता मिळाली. गंमत म्हणजे मूळ काम याकुल्ट कंपनीचं. हो, तीच छोट्या बाटलीवाली.

तांबडा_पांढरा
याकुल्टची पोरं दह्याच्या पाण्यातनं कॅन्सरच्या औषधापर्यंत गेली, आणि आम्ही अजून मिसळीत दही घालावं का नको यावर भांडतोय.

उद्यमनगरी_टर्नर
घालू नये. विषय संपला.

आता धाग्याचं बोलतो. रसायनवाली ताईंनी लिहिलं ते आमच्या धंद्यात रोज चालतं. शिरोलीच्या फौंड्रीतून कास्टिंग येतं. ओतलेलं असतं, मजबूत असतं, पण ते तसंच इंजिनात बसवून दाखवा. रनर-रायझर तोडायचे, फेटलिंग करायचं, मग मशीनवर चढवायचं. एका जागी दोन एमएम काढायचं, दुसऱ्या जागी भोक पाडून आटे पाडायचे. आणि बेअरिंगची जागा बिघडवली की जॉब रिजेक्ट, भंगारात. निसर्गाची फौंड्री, तुमची मशीनशॉप. जमतंय का?

रसायनवाली
टर्नर दादा, वर्गात शिकवायला या. फक्त एक भर घालते: तुमच्याकडं ड्रॉइंग असतं. आमच्याकडं नसतं. बेअरिंगची जागा कुठली हे कळायलाच शेकडो जॉब भंगारात घालावे लागतात. एक गट काढून बघायचा, गुण गेला? मग तो जागचा हलवायचा नाही. दुसरा काढायचा, काही फरक नाही? मग तिथं प्रयोगाला मोकळी जागा. असा एकेक करत नकाशा तयार होतो.

घाटवाट
आणि कास्टिंग गाडीच्या मापानं ओततात. झाड माणसाच्या मापानं काही ओतत नाही. त्याला पळता येत नाही, म्हणून ते किड्याला आणि गुराला लांब ठेवायला विष बनवतं. आपल्या कळलावीचंच बघा, श्रावणात बांधावर काय देखणी फुलते. तिच्यातलं कोल्चिसिन पेशीचं विभाजन थांबवतं, कागदावर कॅन्सरवर पाहिजे तसंच. पण मारायचा डोस आणि तारायचा डोस इतके चिकटून की कॅन्सरसाठी चाललं नाही. गाऊटसारख्या (युरिक अ‍ॅसिडनं सांधे सुजतात त्या) दुखण्यांवर वापरतात, तेही अगदी मोजून.

सदाफुली_अंगणात
बापरे. आमच्या सासूबाई शुगरसाठी रोज सकाळी सदाफुलीची पानं चावतात. तीही कॅन्सरवालीच ना?

रसायनवाली
हो, आणि त्यांना थांबवा. साखरेसाठीच कॅनडात नोबल आणि बिअर यांनी जमैकातून आलेली तिची पानं तपासली. साखर उतरेना, पण उंदरांच्या पांढऱ्या पेशी उतरल्या. त्यातून १९५८ मध्ये विनब्लास्टिन मिळालं, मागोमाग दुसऱ्यांनी विनक्रिस्टिन काढलं. लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये विनक्रिस्टिन आजही लागतं. टनभर सुक्या पानांतून हाती येतात ते मोजके ग्रॅम. त्यामुळं चार पानांनी कॅन्सर बरा होत नाही, पण रोज चार पानं म्हणजे रोज थोडं विष.

आमच्या दृष्टीनं बघण्यासारखं हे, की या दोघांत एका नायट्रोजनवरच्या एवढ्याशा गटाचा फरक आहे. एकीकडं मिथाइल, दुसरीकडं फॉर्माइल. पण विनब्लास्टिन अस्थिमज्जेला जास्त झोडपतं आणि विनक्रिस्टिन नसांना, हातापायांना मुंग्या येतात. एवढ्याशा बदलानं दुखणं फिरतं. "एखादं शेपूट" म्हणताना हे लक्षात ठेवा.

सांगलीची_हळद
एवढी चर्चा झाली आणि हळदीचं नाव नाही? कोल्हापूरकरांचं जुनंच आहे.

तांबडा_पांढरा
आली सांगली.

रसायनवाली
सांगलीकर, रागावू नका. हळदीतलं कर्क्युमिन बशीत वाढवलेल्या पेशींवर भल्याभल्यांना मोहात पाडतं. मीही दीड वर्ष घालवलंय त्याच्यावर. पण पोटातून रक्तात जेमतेम पोचतं आणि पोचलं तर टिकत नाही. ते टिकावं म्हणून जगभर त्याचे किती बदललेले अवतार झाले, कॅन्सरचं औषध म्हणून बाजारात एकही आलेला नाही. भाजीत घाला, केमो चालू असताना कॅप्सूल मात्र डॉक्टरांना न सांगता नको.

शाहूपुरीची_सून
मी सहसा वाचते फक्त. आज लिहिते.

चार वर्षांपूर्वी स्तनाचा कॅन्सर, बारा आठवडे पॅक्लिटॅक्सेल घेतलं. पहिल्याच दिवशी पाच मिनिटांत छाती भरून आली, चेहरा लालबुंद, सिस्टर धावत आल्या. नंतर डॉक्टर म्हणाले, हे बहुधा औषधाचं नाही, ज्यात ते विरघळवलंय त्याचं. कशात विरघळवलंय, तर एरंडेलावर प्रक्रिया केलेल्या तेलकट द्रवात! मला हसू आलं त्या अवस्थेत. लहानपणी आजी एरंडेल पाजायला आली की मी माडीवर पळायचे, आणि इथं ते शिरेतून. पुढच्या वेळेपासून आधी स्टिरॉइड आणि अ‍ॅलर्जीचं इंजेक्शन द्यायचे, मग सावकाश सोडायचे. निभावलं.

हेही झाडाचंच ना ताई?

रसायनवाली
हो, आणि तुमची गोष्ट या धाग्यातली सगळ्यात नेमकी आहे. पॅक्लिटॅक्सेल अमेरिकेतल्या पॅसिफिक यू नावाच्या झाडाच्या सालीतलं. रचना १९७१ मध्ये याच वाणी-वॉल जोडीनं उलगडली. तेही पाण्यात विरघळेना, म्हणून ते एरंडेल. पुढं २००५ मध्ये अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनाच्या कणांत बसवलेलं पॅक्लिटॅक्सेल आलं, त्यात एरंडेल नाही. तिथं रेणूला हात लावला नाही, गाडी तेवढी बदलली.

झाडाचं दुखणं वेगळंच होतं. साल काढली की झाड मरतं, आणि एका रुग्णापुरत्या औषधाला काही पूर्ण वाढलेली झाडं लागायची. ही झाडं वाढतातही गोगलगायीसारखी. सुटका झाली ती युरोपातल्या यूच्या पानांनी. पानांत तयार औषध नसतं, अर्धं तयार द्रव्य असतं. ते काढायचं आणि उरलेली बाजू प्रयोगशाळेत जोडायची. पानं पुन्हा फुटतात, झाड जगतं. त्याच अर्ध्या मालाला जरा वेगळी बाजू जोडली की डोसेटॅक्सेल.

घाटवाट
हे वाचून बरं वाटलं आणि वाईटही. यूला पानांनी वाचवलं. नरक्याला अजून लाकडासाठीच तोडतात.

वैद्य_गंगावेशीचे
मी बीएएमएस आहे, तेव्हा माझ्यावर दोन्हीकडून दगड येणार हे धरून लिहितो.

"झाडातलं जसंच्या तसं घ्या" हे आयुर्वेदाचं म्हणणं नाही. बचनाग आम्ही गोमूत्रात शोधन केल्याशिवाय वापरत नाही. बिब्बा विटेच्या चुऱ्यात घासून घेतात. वत्सनाभ, म्हणजे हाच बचनाग, कच्चं दिलं तर हृदय बंद पडेल, हे जुन्यांना पक्कं माहीत होतं. परवा एका रसायनशास्त्रज्ञ मित्रानं सांगितलं की बचनाग शिजवल्यावर त्यातल्या मुख्य विषाची एक बाजू पाण्यानं तुटते आणि ते पुष्कळ सौम्य होतं. म्हणजे आम्ही शतकानुशतकं रेणूच बदलत होतो, नाव शोधन होतं. मावसभावाला सांगा, कच्ची भुकटी ना आयुर्वेद ना अ‍ॅलोपथी.

माझ्याकडं असा पेशंट आला तर मी केमो थांबवायला सांगत नाही. तोंड येणं, भूक, झोप, तेवढं बघतो, तेही त्यांच्या डॉक्टरांना कळवून.

सरळसोट
वैद्यबुवा, दगड मागे घेतला.

पण पेटंटचं उत्तर राहिलंच की.

रसायनवाली
देते. पेटंट घेतलं, पैसे कमावले, खरं आहे. पण त्याची मुदत संपली आणि आता इरिनोटेकॅन आपल्याकडच्या कंपन्याही बनवतात. मामांना जे मिळतंय ते बहुधा असलंच. आणि उलटंही घडतं. मुंबईत मुलुंडला हेक्स्ट या जर्मन औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत आपल्याच सह्याद्रीतल्या एका झाडातल्या रोहितुकिन नावाच्या द्रव्यावर काम झालं, एका मिथाइलच्या जागी क्लोरोफिनाइल बसवून फ्लेवोपिरिडॉल तयार झालं. पेशीचं चक्र फिरवणाऱ्या सीडीके एन्झाइमना अडवणारं, माणसांवर चाचणीला गेलेलं त्या प्रकारचं पहिलं औषध. वर्षानुवर्षं चाचण्या झाल्या. नेहमीच्या वापरात आजही नाही. नुसतं शेपूट चिकटवून पैसा होत असता तर हे घडलं नसतं.

अवांतर एक सांगते, मला फार आवडतं म्हणून. पोडोफायलम नावाची हिमालयात पण मिळणारी वनस्पती आहे. तिचं पोडोफायलोटॉक्सिन ट्युब्युलिनला धरतं, म्हणजे पेशी दुभंगताना लागणारे धागे ज्याचे बनतात त्या प्रथिनाला. लोकांनी ते सौम्य करायला साखरेचा गट वगैरे जोडला, एटोपोसाइड झालं. नंतर लक्षात आलं की हे ट्युब्युलिनकडं बघतही नाही, टोपोआयसोमरेज-२ ला, म्हणजे वरच्या पीळ सोडवणाऱ्या एन्झाइमच्या भावंडाला धरतं. किल्ली जरा घासली आणि दुसऱ्याच घराचं कुलूप उघडलं!

उद्यमनगरी_टर्नर
आमच्याकडं असा जॉब झाला तर सुपरवायझर शिव्या घालतो. तुमच्याकडं औषध होतं.

कळंबा_कट्टा
सगळ्यांचे आभार. मामीला फौंड्रीचं उदाहरण सांगितलं, लगेच समजलं. माहेर शिरोलीचंच.

ताई, अजून एक. मामांना पहिल्या डोसनंतर जुलाबांनी हैराण केलं, चार दिवस. हे त्या शेपटामुळं का?

रसायनवाली
शेपूट तुटल्यावर जे निघतं त्यामुळं. एसएन-३८ चं काम झालं की यकृत त्याला साखरेच्या आम्लाचं एक ओझं बांधतं आणि पित्तातून आतड्यात सोडून देतं. आतड्यातले जंतू ते ओझं सोडतात, पैलवान पुन्हा मोकळा, आणि आतड्याचं अस्तर सोलून निघतं. म्हणून जुलाबाची गोळी कधी आणि किती हे आधीच लिहून देतात, अंगावर काढायचं नाही.

दुसरं म्हणजे, ओझं बांधणारं ते एन्झाइम काही लोकांत जन्मतःच मंद असतं. त्यांचं बिलिरुबिन (रक्तातलं पिवळं द्रव्य) थोडं वर राहतं, डोळे अधूनमधून पिवळट दिसतात, एरवी काही त्रास नसतो. त्यांना हे औषध नेहमीच्या डोसमध्ये जड जातं. मामांचे जुने रिपोर्ट बघा. असं काही असेल तर पुढच्या डोसच्या आधी डॉक्टरांच्या कानावर घाला. मी डॉक्टर नाही, डोस मी सांगणार नाही.

कळंबा_कट्टा
ताई, अंगावर काटा आला. मामांना गावात लहानपणापासून "पिवळ्या" म्हणायचे. उपास केला की डोळे पिवळे. कावीळ कावीळ म्हणून तीनदा झाडपाला झालाय.

कळंबा_कट्टा
चार दिवसांनी लिहितोय. डॉक्टरांना सांगितलं. जुने रिपोर्ट बघितले, रक्ताची एक तपासणी लावली, आणि पुढचा डोस कमी करून देणार म्हणाले. भुकटीची पुडी पण नेली होती. त्यांनी हातात घेऊन वास घेतला आणि विचारलं, "किती दिवस घेतली?" नाही घेतली म्हटल्यावर खुर्चीला टेकून बसले. म्हणाले, असली तर त्याच जातीचं विष वरून मोजमाप न करता गेलं असतं. नसली तर काय गेलं असतं देव जाणे.

तांबडा_पांढरा
मावसभाऊ कुठाय पण?

मावसभाऊ_स्वतः
इथंच आहे. धागा पहिल्या दिवसापासून वाचतोय, आज खातं उघडलं.

बाराशे माझे गेले, त्याचं काही नाही. माझी आई म्हणजे मामांची थोरली बहीण. ती आजारी होती तेव्हा मी पुण्यात नोकरीला, आलो तेव्हा उशीर झाला होता. मामांच्या वेळी कायतरी हातानं करावं असं वाटलं. पेटंटचं मी एका व्हिडिओत ऐकलं होतं.

घाटवाट, पुडी माझ्याकडं आहे. कुणाकडनं घेतली ते इथं लिहीत नाही, भेटल्यावर सांगतो.

घाटवाट
रविवारी सकाळी टाऊन हॉलच्या बागेत असतो. पुडी बंदच ठेवा, उकिरड्यावर टाकू नका, गुरं तोंड घालतात.

मावसभाऊ_स्वतः
येतो. आणि कळंब्या, बुधवारी गाडी मी काढतो. साडेसातला तयार राहा, मामांना पुढं बसवू, मागं त्यांना मळमळतं.